चहाच्या मळ्यापासून पाणीगळतीपर्यंत: कंपन्या विकत घेणाऱ्या कंपनीबद्दलचे गैरसमज

होल्डिंग कंपनी म्हटले की आपल्याकडच्या गुंतवणूकदाराला पुण्याची बजाज होल्डिंग्ज आठवते. स्वतः काही बनवत नाही, बजाज ऑटो आणि बजाज फिनसर्व्हचे शेअर बाळगते, आणि त्या शेअरांच्या एकूण किमतीपेक्षा बाजारात बऱ्याच कमी भावाने मिळते. लंडनच्या शेअर बाजारातली हाल्मा हीसुद्धा होल्डिंग कंपनी आहे असे कळले की तीही अशीच शेअरांची तिजोरी असणार, असे लोक धरून चालतात.

तसे नाही. हाल्माच्या छत्राखाली पन्नासच्या आसपास कंपन्या आहेत आणि त्या जवळजवळ सगळ्या पूर्णपणे तिच्या मालकीच्या आहेत. त्यांचे शेअर बाजारात वेगळे मिळत नाहीत. त्यांची विक्री, नफा, देणी सगळे हाल्माच्याच हिशोबात उतरते. मार्च २०२४ला संपलेल्या वर्षात ही विक्री २ अब्ज पौंडांच्या वर गेली. आगीची सूचना देणारी यंत्रे, विषारी वायू ओळखणारी उपकरणे, दवाखान्यातली साधने आणि जमिनीखालच्या नळांवर नजर ठेवणारी यंत्रे असा तिचा पसारा आहे. कंपनीचा जन्म मात्र १८९४ सालचा, सिलोनमधल्या नाहाल्मा नावाच्या चहामळ्याच्या कंपनीतून. पुढे रबर आले, मग मळे सुटले, १९७२मध्ये ती लंडनच्या बाजारात नोंदली गेली आणि डिसेंबर २०१७मध्ये तिथल्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात जाऊन बसली.

‘मोठ्याने लहानाला घेतले की लहानाचे नाव, माणसे आणि कारखाना जाणार’ हा दुसरा समज. अनेक ठिकाणी तसे घडते, म्हणून ही भीती खोटी म्हणता येत नाही. हाल्माची रीत वेगळी आहे. प्रत्येक कंपनीला स्वतःचा व्यवस्थापकीय संचालक, स्वतःचे संचालक मंडळ आणि स्वतःचा नफातोट्याचा हिशोब असतो. मुख्यालयात भांडवल कुठे घालायचे आणि नेमणूक कोणाची करायची, हे ठरते. यंत्र कसे असावे, हे ते वापरणाऱ्याच्या जवळ बसलेली माणसे ठरवतात.

याचे कारण यंत्राकडे पाहिले की समजते. वेल्समधल्या कुंब्रान गावी हाल्माची एचडब्ल्यूएम ही कंपनी गळती शोधणारी उपकरणे करते. फुटलेल्या नळातून दाबाने सुटणारे पाणी आवाज करते आणि तो आवाज नळाच्या भिंतीतून आणि पाण्यातून दोन्ही दिशांना धावतो. रस्त्यावरच्या दोन व्हॉल्व्हच्या खड्ड्यांत एकेक आवाज टिपणारा सेन्सर बसवायचा. समजा त्यांच्यात १०० मीटर अंतर आहे, नळ लोखंडी आहे आणि त्यातून आवाज सेकंदाला १,२०० मीटर जातो. एका सेन्सरला आवाज दुसऱ्यापेक्षा ०.०२५ सेकंद आधी पोचला, तर वाटेतला फरक ३० मीटरचा. शंभरातून तीस वजा करून निम्मे केले की ३५ उरतात: जवळच्या सेन्सरपासून ३५ मीटरवर खणा. हे रात्री करतात, कारण तेव्हा वाहने आणि नळांचा वापर दोन्ही कमी असतात. आता तोच नळ प्लास्टिकचा धरा. आवाजाचा वेग निम्म्याहून कमी होतो, तो लवकर विरतो, आणि लोखंडी नळाचे गणित तसेच लावले तर खड्डा भलत्याच जागी पडतो. कोणत्या गल्लीत कोणता नळ आहे, हे ठाऊक असलेल्या माणसांशी रोज बोलणारा अभियंताच असे यंत्र सुधारू शकतो. त्याला दूरच्या मुख्यालयाच्या परवानगीची वाट पाहायला लावली, की विकत घेतलेली गोष्टच हातातून जाते.

‘घेतात, फुगवतात, विकतात’ असेही म्हणतात. ते वर्णन ठरावीक वर्षांत पैसा परत करायचा असलेल्या खासगी फंडांना लागू पडते. हाल्मावर तशी मुदत नाही. विक्री होते, पण क्वचित. २०२१मध्ये घरफोडीचे अलार्म करणारी टेक्सेकॉम ही कंपनी तिने ६.५ कोटी पौंडांना विकली.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज मात्र गुंतवणूकदाराचा आहे: खरेदी झाली म्हणजे वाढ झाली. आकडे मांडून पाहू. एका नोंदणीकृत कंपनीचा शेअर नफ्याच्या तीसपट भावाने चालतो. तिने वर्षाला १० कोटी नफा मिळवणारी लहान खासगी कंपनी दहापट भावाने, म्हणजे १०० कोटींना घेतली. बाजार त्याच १० कोटी नफ्याला तीसपट भाव लावतो, म्हणजे कागदावर ३०० कोटी झाले. एकही नवे यंत्र बनले नाही, एकही नवा ग्राहक आला नाही, तरी २०० कोटींचे मूल्य ‘तयार’ झाले. शेअरचा भाव चढा आहे तोवर हे चक्र फिरते. भाव पडला की खरेदी थांबते आणि ताळेबंदात गुडविल म्हणून नोंदलेली जादा किंमत निर्लेखित करायची वेळ येते. म्हणून वार्षिक अहवालात खरेदी वगळून झालेली वाढ किती, हा आकडा आधी शोधावा. हाल्मा तो वेगळा देते. लाभांशही तिने चाळीसहून अधिक वर्षे दरवर्षी किमान ५ टक्क्यांनी वाढवला आहे. नुसत्या कागदी फुगवट्यावर इतकी वर्षे रोख पैसा वाटता येत नाही, हे माझे ठाम मत आहे.

पाण्यावर नजर ठेवणाऱ्या यंत्रांची मागणी तंत्रज्ञानाच्या कौतुकापोटी येते, असेही अनेकांना वाटते. ती बहुतांशी कायद्यातून येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये दररोज सुमारे ३ अब्ज लिटर पाणी गळते. ही गळती २०५०पर्यंत निम्म्यावर आणण्याचे बंधन पाणी कंपन्यांनी स्वीकारले आहे. इंग्लंडमध्ये पावसात मैलापाणी नदीत सोडणाऱ्या प्रत्येक मुखाशी २०२३च्या अखेरीस देखरेखीची यंत्रे बसली, आणि २०२१च्या पर्यावरण कायद्याने त्या मुखांच्या वर-खाली पाण्याची गुणवत्ता सतत मोजण्याची अट घातली. मोजणे थांबवता येत नाही, म्हणून मंदीतही हा धंदा पूर्ण आटत नाही. सेन्सर गळती बुजवत नाही, हेही इथेच सांगायला हवे. तो जागा दाखवतो. खणणारी माणसे आणि बदलायचा नळ यांची तरतूद वेगळीच करावी लागते.

आपल्या महापालिका आणि नगरपरिषदाही आता अशी उपकरणे घेत आहेत. निविदा काढणाऱ्या अभियंत्यांना एक विनंती: उत्पादक कंपनीची मालकी उद्या बदलू शकते, हे धरूनच करार लिहा. मोजणीची माहिती पालिकेच्या मालकीची राहील, ती खुल्या स्वरूपात मिळेल, आणि बॅटरी, सुटे भाग व दुरुस्ती किती वर्षे मिळत राहील, ही कलमे पहिल्याच मसुद्यात घाला.