माळढोक आणि सात-बारा

सोलापुराहून बार्शीच्या वाटेनें वीसेक किलोमीटर गेलें म्हणजे नान्नज लागतें. मी शिक्षक होतों तेव्हां एकदां वर्गांतील मुलांना घेऊन तेथल्या माळावर गेलों होतों. दोन तास उन्हांत बसल्यावर दूर गवतांत एक उंच मान दिसली. मुलांनीं टाळ्या पिटल्या आणि पक्षी उडाला. तो माळढोक. उंची जवळजवळ मीटरभर, वजन पंधरा किलोपर्यंत. मादी बहुधा एकच अंडें घालते आणि तेंही उघड्या जमिनीवर. त्याला झाडी नको, माळ हवा. आणि आपल्या जिल्ह्यांतील बहुतेक माळ कोणाच्या ना कोणाच्या सात-बारावर चढलेला.

1979 सालीं या पक्ष्यासाठीं अभयारण्य जाहीर झालें, तें थोडेंथोडकें नव्हे, सुमारें 8,496 चौरस किलोमीटरचें. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील कर्जत, श्रीगोंदें, नेवासें या तालुक्यांतील भूमि त्यांत आली. वनखात्याची जमीन थोडी. बाकी शेतें, गांवें, बाजारपेठा. नकाशावर रेघ ओढणाऱ्यास माळ आणि मळा यांतला भेद दिसला नसावा.

अभयारण्य झालें म्हणजे जमीन सरकारजमा झाली, असा समज खेड्यांतून अजून आहे. तो खरा नाहीं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मालकी आपोआप जात नाहीं; आंत ज्याची जमीन आहे त्याला तेथें जाण्यायेण्यास परवानाही लागत नाहीं. घोडें पेंड खातें तें 20 व्या कलमांत. अधिसूचना निघाल्यावर त्या जमिनींत नवा हक्क वारसानें किंवा मृत्युपत्रानेंच मिळूं शकतो. बापाची जमीन मुलाला मिळेल. शेजाऱ्यास विकूं म्हटलें तर खरेदीखत अडतें.

यांतून सुटण्याचा मार्ग कायद्यानें जिल्हाधिकाऱ्याच्या हातीं दिला आहे. त्यानें जाहीरनामा काढावा, हक्कांचे दावे ऐकावे, आणि मग ती जमीन अभयारण्यांतून वगळावी, मोबदला देऊन संपादन करावी, किंवा मुख्य वन्यजीव रक्षकाच्या विचारानें हक्क चालूं ठेवावा. हें काम शक्यतों दोन वर्षांत पुरें करावें, असें 2003 सालच्या दुरुस्तीनें सांगितलें. आणि त्याच दमांत हेंही सांगितलें कीं, तें पुरें न झालें तरी अधिसूचना रद्द होणार नाहीं. मीं आयुष्यभर वह्या तपासल्या. उशीर झाला तरी गुण कापणार नाहीं, असें आधींच सांगितल्यावर कोणता मुलगा वही वेळेवर देतो?

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील करमाळ्याकडचे. मुलीच्या लग्नासाठीं त्यांनीं दोन एकर विकावयास काढले. गिऱ्हाईक ठरलें, विसार झाला, आणि कचेरींत ना-हरकत दाखला मागण्यांत आला. हेलपाटे घालतां घालतां गिऱ्हाईक गेलें आणि सावकार आला. ते मला म्हणाले, "गुरुजी, पक्ष्याला घर दिलं ते बरं केलं, पण माझ्या घराचं कुणी विचारलं का?"

पुढें सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीनें 2012 सालीं क्षेत्र सुमारें 1,222 चौरस किलोमीटरवर आणण्यांत आलें. तेहेतीस वर्षें गेलीं होतीं. ज्याच्या रानांत माळढोक नाकतोडे वेंचीत फिरे, त्या शेतकऱ्यालाच तो मधल्या काळांत विघ्न वाटूं लागला. पक्षी घटला त्याला हेंच एक कारण, असें मी म्हणणार नाहीं. कालव्याचें पाणी आणि ऊंस यांनींही माळ गिळले. पण राखणदारच रुसला, हें नुकसान लहान नव्हे.

अमेरिकेंत 1982 सालच्या दुरुस्तीनें निराळी वाट काढली. तेथें अधिवास-रक्षणाची योजना मालकानेंच आंखून द्यावयाची. पहिली योजना सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रुनो डोंगरावरील फुलपाखरांसाठीं झाली. तिला 1983 सालीं परवानगी मिळाली. डोंगराचा बराच भाग मोकळा राहिला, ठरल्या भागांत घरें उठलीं, आणि मोकळ्या डोंगराच्या देखभालीसाठीं घरमालकांकडून वार्षिक वर्गणी घेतात. भांडणें तेथेंही झालीं. पण कोणत्या तुकड्यावर बांधतां येईल हें मालकाला आधीं कळलें.

आपल्याकडे ज्यांची जमीन हद्दीजवळ आहे, त्यांनीं विसार घेण्यापूर्वीं आपला गट क्रमांक अधिसूचनेंतील यादीशीं ताडून पाहावा, आणि कचेरींत अर्ज दिला तर त्याची पोंच जपून ठेवावी.