बॅटरीवरचा छोटा गिटार अ‍ॅम्प: वॉट बघून घेऊ नका!

(ऑडिओ भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना येणारे "म्हणजे... म्हणजे" तेवढे गाळले आहेत.)

इलेक्ट्रिक गिटार तर घेतली, पण भिंतीपलीकडे शेजारी आहेत, नाहीतर हॉस्टेलवर रूममेट झोपलाय. मग आपण बॅटरीवरचा छोटा अ‍ॅम्प शोधतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "किती वॉटचा?" या साइजमध्ये हा आकडा फारसा कामाचा नाही. का, ते बघू.

आवाज कानाला दुप्पट वाटायला ताकद साधारण १० पट लागते. म्हणजे ३ वॉट आणि ७ वॉट यात फरक आहे, पण वाटतो तेवढा नाही. खरा फरक पाडतो स्पीकर. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झवर वाजते. एवढा खालचा सूर २-३ इंचाच्या स्पीकरमधून भरदार येत नाही. म्हणून पाम म्यूट केलं की 'धम'ऐवजी 'टक' ऐकू येतं.

आता अ‍ॅम्प बघू.

मार्शल एमएस-२: १ वॉट, चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी, पट्ट्याला अडकवता येतो. गंमत म्हणून झकास, पण रोजच्या रियाजाला आवाज पातळ.

ब्लॅकस्टार फ्लाय ३: ३ वॉट, ३ इंची स्पीकर, ६ पेन्सिल सेल. डिले आहे, फोन वायरने जोडता येतो.

रोलंड मायक्रो क्यूब जीएक्स: हाही ३ वॉटच, सेलही ६च, पण स्पीकर ५ इंची. हे दोन्ही शेजारी ठेवून ऐका, मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. ट्यूनर आतच आहे. बॅगेत मात्र जागा खातो.

बॉस कटाना मिनी: ७ वॉट, ४ इंची स्पीकर, परत ६ सेल. पण कंपनीच्या हिशोबाने सेल साधारण ७ तास चालतात. मायक्रो क्यूबचे २० तासांहून जास्त. रोज तासभर वाजवणाऱ्याच्या खिशाला हा फरक जाणवतो.

स्पार्क गो: ५ वॉट, २ इंची स्पीकर, आतच चार्ज होणारी बॅटरी. नवे टोन भरायला फोनचं अ‍ॅप लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अ‍ॅम्पला ब्लूटूथ असलं, तर ते फोनवरचं गाणं अ‍ॅम्पमध्ये आणायला. साध्या वायरलेस इअरबड्समध्ये गिटार ऐकायला गेलात, तर तार छेडल्यावर आवाज उशिरा येतो, बऱ्याचदा १०० मिलीसेकंदांहून जास्त. ताल सुटतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं, "आपल्याला तालच नाही!" तसं नसतं हो. वायरचा हेडफोन लावा. आणि फक्त हेडफोनवरच वाजवणार असाल तर स्पीकरचे पैसे कशाला? गिटारच्या जॅकमध्येच बसणारा वॉक्स अ‍ॅमप्लग बघा. त्याला २ बारीक सेल पुरतात.

दुकानात जाताना आपली गिटार न्या. क्लीन टोन, आवाज घरी ठेवाल तेवढाच, आणि आधी जाड तार वाजवा. ती बरी वाटली तर पुढचं बघा. आणि महिनाभर वाजवणार नसाल तर सेल काढून ठेवा. गळले की आतल्या पट्ट्या गंजतात.

चला, भेटू पुढच्या भागात. वाजवत राहा!