छर्रे, भिंत आणि नातवंडे

इच्छापोरचे एक स्नेही अमेरिकेत मोटेल चालवितात. स्वसंरक्षणार्थ घेतलेल्या 'टॉरस जज' रिव्हॉल्व्हरसाठी कोणते काडतूस उत्तम, असे त्यांनी मज बालरोगतज्ज्ञास विचारले! त्यात .४१० बोअरची छर्ऱ्यांची काडतुसे चालतात. अडीच इंची काडतुसात साधारणतः ०.३६ इंच व्यासाचे चार छर्रे, तीन इंचीत पाच. बारीक छर्रे संख्येने पुष्कळ, परंतु शरीरात उथळ शिरतात. नळीतील पेचांमुळे छर्रे लवकर फाकतात; नेम चुकलेला मोठा छर्रा जिप्समची भिंत सहज भेदतो. त्या भिंतीपलीकडे स्नेह्यांची नातवंडे निजतात. २०२० साली तेथे १ ते १९ वर्षे वयोगटातील मृत्यूंचे पहिले कारण बंदुकीची इजा हेच ठरले. तेथील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते: शस्त्र रिकामे करून कुलपात, काडतुसे निराळ्या कुलपात. मी स्नेह्यांना छर्ऱ्यांआधी किल्ली कोठे असते, ते विचारले.