सहलेखनातील 'छोटा' व 'मोठा' बदल : एक विवेचन

सहलेखनात बदल छोटा की मोठा, हे अक्षरसंख्येवरून नव्हे, अर्थावरून ठरते. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर प्रत्येक बदलाची स्वतंत्र आवृत्ती पानाच्या इतिहासात जतन होते. नोंदणीकृत सदस्यास 'छोटा बदल' अशी खूण करता येते. मात्र अशा नोंदी 'अलीकडील बदल' या यादीतून लपविण्याची सोय असल्याने त्या परीक्षकाच्या नजरेतून सुटू शकतात. उदाहरणार्थ, दिंडोशी मेट्रो स्थानक २ एप्रिल २०२२ रोजी सुरू झाले. या नोंदीत 'एप्रील'चे 'एप्रिल' करणे हा छोटा बदल होय. परंतु २०२२ चे २०२३ करणे, केवळ एक अंक बदलूनही, मोठाच बदल ठरतो. महाविद्यालयीन अहवालांच्या सामूहिक लेखनातही हाच निकष पाळावा; शंका असल्यास बदल मोठा मानून त्याचे कारण नोंदवावे.