लढाईच्या आधीची लढाई

चौथीच्या इतिहासात शिवाजी महाराज आहेत. धडा वाचताना आम्ही मुले लढाई कधी येते त्याचीच वाट बघतो. पण लढाईच्या आधीही फार मोठे काम असते. ते मी येथे सांगणार आहे.

शायिस्ताखान १६६० ते १६६३ पर्यंत पुण्यात ठाण मांडून बसला होता. त्याच्या फौजेने मुलूख उजाड केला. स्वराज्याला पैशांची गरज होती. तापी नदीच्या काठचे सुरत हे मोगलांचे श्रीमंत बंदर. पण ते फार लांब आणि मुलूख परका. माहिती चुकली असती तर आपले घोडेस्वार तिकडेच अडकले असते. म्हणून बहिर्जी नाईक यांनी आधी सुरतेची बातमी काढून आणली.

हेराने काय काय बघायचे? तट केवढा, कुठे पडका. शिपाई किती, तोफा कुठे. सरदार शूर की भित्रा. मदत यायला किती दिवस लागतील. कबड्डीत चढाईला जाताना कोणता गडी दमलाय ते आपण बघतोच की! तसेच हे. फक्त इथे जिवाचा सवाल. हेर सापडला तर मेलाच.

सुरतेला तेव्हा भक्कम तट नव्हता. सुभेदार इनायतखान शिपायांच्या पगाराचे पैसे घ्यायचा, पण तेवढे शिपाई ठेवायचा नाही. म्हणजे फौज कागदावर आणि वेशीवर कोणी नाही! जानेवारी १६६४ मध्ये महाराज आले, तेव्हा खान किल्ल्यात जाऊन लपला. शहर उघडे पडले.

इंग्रज व डच वखारवाले मात्र थोडेच असून बंदुका घेऊन पहाऱ्यावर उभे राहिले. त्यांच्या वखारी वाचल्या. यावरून कळते की, माणसे किती यापेक्षा ती तयार आहेत का, हे जास्त महत्त्वाचे. हेराला हेच ओळखावे लागते. पुढे औरंगजेबाच्या हुकमाने सुरतेला विटांचा तट बांधला.

तानाजी, बाजीप्रभू ही नावे सर्वांना पाठ आहेत. पुष्कळ हेरांची नावे मात्र कोणालाच ठाऊक नाहीत. कारण त्यांचे कामच कोणाला न दिसण्याचे! बहिर्जी नाईकांची समाधी सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर दाखवतात. पालकांनो, कधी त्या बाजूला गेलात तर मुलांना जरूर न्या.