बिलेट: भट्टीतलं आणि छावणीतलं

नवीन जालन्यात चहाच्या टपरीवरही बिलेटचा भाव कानावर पडतो. भंगार भट्टीत वितळवून ओतलेला पोलादाचा लांब, चौकोनी दांडा म्हणजे बिलेट. तो लालबुंद करून रोलिंग मिलमध्ये लाटला की सळई तयार.

डिक्शनरी उघडली तर गंमतच! हा शब्द जुन्या फ्रेंचमधला, मूळ अर्थ लाकडाचा ओंडका. पण त्याच स्पेलिंगचा, वेगळ्या कुळातला दुसरा शब्दही आहे: चिठ्ठी. ‘या सैनिकाला घरात उतरू द्या’ असा हुकूम तिच्यावर असे. पुढे त्या मुक्कामालाच बिलेट म्हणू लागले. (प्रेमपत्राला फ्रेंचमध्ये ‘बिये दू’ म्हणतात, तो ‘बिये’ हाच!)

इंग्रजांच्या काळात जालन्यात लष्करी छावणी होती. म्हणजे दुसरं बिलेटही इथं अगदीच परकं नसावं.