मित्रांसोबत फ्युजन रेस्टॉरंटमध्ये जेवलात, पण बिलातल्या कोणत्या ओळीचे पैसे देणं बंधनकारक आहे?

मेन्यूवर मिसळ टाकोज, ठेचा पनीर बाओ, पुरणपोळी चीजकेक. मंद दिवे, भिंतीवर वारली चित्रं आणि प्रत्येक प्लेट आली की आधी फोटो. मुंबई-पुण्यातल्या फ्युजन रेस्टॉरंटमध्ये मित्रांचा ग्रुप गेला की दोन तास मजेत जातात. मग लेदरच्या फोल्डरमधून बिल येतं आणि मेन्यूवर दिसलेल्या किमतींपेक्षा बराच मोठा आकडा समोर येतो. कोणीतरी "भागिले पाच" म्हणतं, सगळे यूपीआय करतात आणि विषय संपतो.

पण वाढलेल्या त्या रकमेत काही पैसे सरकारी कराचे असतात, तर काही रेस्टॉरंटने स्वतःहून लावलेले. पहिले द्यावेच लागतात. दुसऱ्यांचं तसं नाही.

जीएसटी किती लागतो?

स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. बिलावर तो सीजीएसटी २.५ टक्के आणि एसजीएसटी २.५ टक्के असा दोन ओळींत दिसतो. एसी आहे की नाही, यावर आता दर बदलत नाही. १५ नोव्हेंबर २०१७ पासून हा भेद संपला. त्याआधी एसी रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के आणि बिगर-एसीमध्ये १२ टक्के कर होता.

१८ टक्के जीएसटी आजही दिसू शकतो, पण ते रेस्टॉरंट महागड्या हॉटेलच्या आवारात असेल तर. ज्या हॉटेलमध्ये खोलीचं एका दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांपेक्षा जास्त आहे, तिथे साधारणपणे हा दर लागतो. म्हणून पंचतारांकित हॉटेलमधल्या आणि रस्त्यावरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटमधल्या बिलात फरक पडतो.

जीएसटी घेणाऱ्या रेस्टॉरंटच्या बिलावर १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक असायलाच हवा. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो. शंका आली तर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकून नोंदणी तपासता येते. काही छोटी रेस्टॉरंट्स 'कंपोझिशन' योजनेत असतात. त्यांना ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेण्याची परवानगीच नाही.

दारूवर वेगळा कर का?

पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे. तिच्यावर राज्य सरकार व्हॅट लावतं. महाराष्ट्रात परमिट रूम आणि बारमध्ये दिल्या जाणाऱ्या दारूवरचा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. त्यामुळे अनेक ठिकाणी जेवणाचं आणि दारूचं बिल वेगवेगळं येतं. कोल्ड ड्रिंक किंवा दारू नसलेलं मॉकटेल मात्र दारूच्या बिलात नसावं.

सर्व्हिस चार्ज म्हणजे कर का?

नाही. गोंधळ होतो तो इथेच. बिलातली ५ किंवा १० टक्क्यांची 'सर्व्हिस चार्ज' ही ओळ सरकारकडे जात नाही. ते पैसे रेस्टॉरंटकडेच राहतात.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी याबाबत मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यानुसार रेस्टॉरंटने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही आणि दुसऱ्या नावानेही घ्यायचा नाही. तो ऐच्छिक आहे हे ग्राहकाला सांगायचं आणि दिला नाही म्हणून प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही. बिलात मिळवून वर एकूण रकमेवर जीएसटीही लावायचा नाही.

रेस्टॉरंट संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात या तत्त्वांना स्थगिती मिळाली. अखेर २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने संघटनांच्या याचिका फेटाळल्या आणि सक्तीचा सर्व्हिस चार्ज ग्राहकांच्या हक्कांविरुद्ध असल्याचं म्हटलं. या निकालाविरुद्ध संघटनांनी त्याच न्यायालयाच्या खंडपीठाकडे अपील केलं.

रेस्टॉरंटवाल्यांची बाजू काय?

त्यांचं म्हणणं असं, की टिप फक्त वाढणाऱ्याला मिळते, तर सर्व्हिस चार्ज स्वयंपाकघरात राबणाऱ्यांपासून भांडी घासणाऱ्यांपर्यंत सगळ्यांत वाटता येतो. शिवाय मेन्यूवर आधीच लिहिलेलं असतं, मग सक्ती कुठे आली? यावर ग्राहकांच्या बाजूने उत्तर असं, की पदार्थाची किंमत ठरवायला रेस्टॉरंट मोकळं आहे, मग कर्मचाऱ्यांचा खर्च त्या किमतीतच धरावा. सेवा आवडली तर टिप देणं हा ग्राहकाचा निर्णय आहे.

प्रत्यक्षात किती फरक पडतो?

समजा, पाच मित्रांनी ४,००० रुपयांचं जेवण घेतलं. नियमाप्रमाणे ५ टक्के जीएसटी धरून बिल ४,२०० रुपये होतं. रेस्टॉरंटने १० टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे ४०० रुपये, आधी मिळवले आणि ४,४०० वर जीएसटी लावला, तर बिल ४,६२० होतं. म्हणजे ४२० रुपये जास्त.

आता त्यातल्या दोघांनी २,००० रुपयांची कॉकटेल्स घेतली असं धरू. १० टक्के व्हॅटसह ते झाले २,२०० रुपये. जेवणाचे ४,२०० मिळवून एकूण ६,४०० रुपये. सरसकट पाच भाग केले तर प्रत्येकी १,२८०. पण न पिणाऱ्या तिघांचा खरा वाटा जेवणाचा, म्हणजे ८४० रुपयेच. प्रत्येक जण ४४० रुपये दुसऱ्याच्या ग्लासचे भरतो. नुकती नोकरी लागलेल्या किंवा अजून शिकणाऱ्या मित्राला हा फरक छोटा नसतो आणि चारचौघांत तो बोलूनही दाखवता येत नाही. दारूचं बिल वेगळं आलं असेल तर वाटणीही वेगळी करणं सोपं पडतं.

पाण्याच्या बाटलीचं काय?

दुकानदाराला एमआरपीपेक्षा जास्त किंमत घेता येत नाही. रेस्टॉरंटला मात्र घेता येते. तिथे बाटलीसोबत जागा आणि सेवाही दिली जाते, म्हणून हॉटेल-रेस्टॉरंटना हा नियम लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे वेटरने "कोणतं पाणी?" विचारलं आणि बाटली नको असेल, तर "साधं पाणी" असं तेव्हाच सांगावं. झाकण उघडल्यावर वाद घालून उपयोग नाही.

सर्व्हिस चार्ज काढायला नकार दिला तर?

आधी मॅनेजरला शांतपणे ती ओळ काढून नवं बिल द्यायला सांगा. बरीच रेस्टॉरंट्स विनंतीवर काढतात. नाहीच ऐकलं, तर बिलाचा फोटो ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते.

हे सगळं पैसे देण्याआधी केलेलं बरं, कारण कार्ड मशीनमध्ये गेल्यावर परताव्यासाठी मागे लागावं लागतं. आणि सर्व्हिस चार्ज काढून घेतला, पण वाढणाऱ्याने मनापासून वाढलं असेल, तर टिप त्याच्या हातात द्या.